नोझलच्या गळ्यातली हळद

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नवनाथ शेठच्या वर्कशॉपमध्ये बुधा गावित चौतीस वर्षं लेथवर उभा होता. पेठ तालुक्यातून आला तेव्हा पहिलं वर्ष नुसता लोखंडाचा कीस झाडण्यात गेलं. आता निवृत्तीला सात महिने उरले होते आणि सांभाळायची गोष्ट एकच होती: त्याच्या हातचा एकही जॉब आजवर माघारी आलेला नव्हता. लग्नाची तारीख त्याला सांगता आली नसती, ही गोष्ट मात्र तो न विचारता सांगे.

शेठची पुतणी सायली जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत होती. तिनं एका नोझलचं ड्रॉइंग पाठवलं. अंगठ्याएवढा स्टीलचा तुकडा, आत एक मिलिमीटरचं भोक, पुढे घंटेसारखं उघडणारं. शेठनं संगणकावर चालणाऱ्या नव्या सीएनसी मशीनवर दोन काढून पाहिली. दोन्हींच्या गळ्यात, म्हणजे त्या बारीक भोकात, ओरखडे राहिले. मग शेठला बुधा आठवला.

बुधानं बांबूची काडी तासली, तिला हिऱ्याची पेस्ट लावली आणि गळा हातानं घासायला बसला. वीस फेऱ्या, पुसायचं, भिंगातून बघायचं, पुन्हा वीस. असे अकरा दिवस. बाराव्या दिवशी ओरखडा दिसेना, तरी आणखी अर्धा दिवस घासलं, कारण भिंगावर त्याचा विश्वास नव्हता.

हे सगळं कशासाठी, ते सायलीनं फोनवर समजावलं. निसर्गात न सापडणारं एक अतिजड मूलद्रव्य ते लोक घडवतात, दोन हलकी मूलद्रव्यं एकमेकांवर आदळून. तासन्‌तास आदळल्यावर मोजके अणू हाती लागतात. ते वायूबरोबर या नोझलमधून बाहेर पडतात, तेवढ्यात त्यांच्यावर लेझर सोडायचा. प्रकाशाचा रंग नेमका जुळला तरच अणूतला इलेक्ट्रॉन सुटतो, आणि त्या रंगावरून अणूच्या गाभ्याचा आकार कळतो.

किती जगतो हा अणू, असं बुधानं विचारलं. मिनिटभर, सायली म्हणाली, बरेचसे त्याआधीच जातात. बुधाला आपले साडेअकरा दिवस आठवले.

सायलीच्या सूचना कडक होत्या. नोझल रसायनात धुवायचं, उघडा हात लावायचा नाही, फॉइलमध्ये गुंडाळून दोन पिशव्यांत बंद करायचं. बुधानं एकही सूचना चुकवली नाही. पण दुसऱ्या दिवशी दसरा होता. लेथची, हत्यारांची पूजा त्याच्याच हातून व्हायची, आणि पूजेच्या दिवशी तयार असलेला जॉब हळदीकुंकवाशिवाय दाराबाहेर पडत नसे. त्यानं पिशव्या उघडल्या, सूचनेप्रमाणे हातमोजे घातले, आणि हळदीकुंकवाचं एकेक बोट नोझलच्या तोंडाला लावलं. मग पुन्हा फॉइल, पुन्हा दोन पिशव्या.

डिसेंबरात सायलीचा व्हिडिओ कॉल आला. नोझल बसवून हवा काढली आणि यंत्र तापवलं, तर आतलं काहीतरी वाफ सोडत होतं. उघडून पाहिलं, तर नोझलच्या तोंडापासून गळ्यात उतरलेला पिवळट डाग. तो कशाचा ते कळल्याशिवाय तिथले लोक नोझल पुन्हा यंत्रात बसवू देत नव्हते. प्रयोगाची वेळ वर्षातून एकदा मिळायची, ती नऊ दिवसांवर आली होती. कळलं नाही तर नोझल परत पाठवणार होते.

शेठनं फोन म्यूट केला.

"बुधाभाऊ, तुम्ही गप राहा. कुरिअरवर ढकलू. वाटेत पिशवी फाटली म्हणू. तुमचं नाव खराब व्हायला नको."

बुधानं विचार केला. गप राहिलं तर चूक कुरिअरची, पण जॉब माघारी. बोललं तर चूक आपली, पण जॉब तिथेच. चौतीस वर्षं त्यानं जॉब सांभाळला होता. चुकीचं काय करायचं, हे कधी ठरवलं नव्हतं.

"फोन चालू करा, शेठ," तो म्हणाला. मग पडद्याकडे बघून म्हणाला, "हळद हाय ती, सायली. दसऱ्याची. मीच लावली. कुंकू पण हाय, घरी हळदीचंच केलेलं. बाजारातलं रंगाचं नाय."

सायलीमागे दोन उंच शास्त्रज्ञ उभे होते. त्यांना समजावायला तिला वेळ लागला, कारण आधी दसरा समजावावा लागला. त्यातल्या एकानं काहीतरी विचारलं.

"बुधाकाका, ते विचारतात, का लावली?"

"यंत्र नीट चालावं म्हणून."

सायलीनं तेही सांगितलं.

मग बुधानं सूचना दिल्या. डाग स्पिरिटमध्ये भिजवा, बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून काढा, तारेचा ब्रश घालाल तर गळा गेला. ब्रशचं त्यानं तीनदा सांगितलं.

नोझल धुतलं गेलं, बसलं आणि चाललं. सगळ्या प्रयोगात सदतीस अणू मोजले गेले. सायलीनं आलेख पाठवला, एका उंचवट्याचा. शेठनं वरची बाजू कुठली ते विचारून घेतलं आणि तो फ्रेम करून केबिनमध्ये लावला. शोधनिबंधाच्या शेवटी आभारात वर्कशॉपचं नाव छापलं. बुधाचं नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं की जॉब तिथेच राहणार ना.

मेमध्ये तो निवृत्त झाला. सप्टेंबरात दुसऱ्या नोझलसाठी शेठनं त्याला घरून बोलावलं. ड्रॉइंगवर आता एक नवी अट होती, चौदावी: कोणत्याही टप्प्यावर, कोणत्याही दिवशी, या भागाला वनस्पतीची किंवा खनिजाची पूड लावू नये. बुधानं ती सायलीकडून दोनदा समजून घेतली.

या वेळी त्यानं तेरा दिवस घासलं. दसऱ्याला नोझलच्या जवळही गेला नाही. हळदीकुंकू लावलं ते बाहेरच्या लाकडी पेटीला, चारही बाजूंनी. पेटीबद्दल ड्रॉइंगमध्ये काही लिहिलेलं नव्हतं.