पोळ्यापर्यंतची राखी

तुषारच्या गाडीला ब्रेक नव्हता.

बिघडला वगैरे नव्हता. त्या गाड्यांना नसतोच. स्पीडवे म्हणतात त्या मोटरसायकलच्या रेसला. मातीचा गोल ट्रॅक, फक्त डावी वळणं, चार जण एकदम सुटतात.

माझ्या धाकट्या भावाने हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी त्याच्या पाठीत धपाटाच घातला होता.

"काहून गा, मरायचा शौक आहे काय तुले?"

"ताई, तू भेतेच लय. दोरी असते नं त्याले!"

दोरी. वीतभर लांब. एक टोक गाडीच्या बटणात, दुसरं रायडरच्या उजव्या मनगटाला. रायडर पडला की दोरी खेचली जाते, बटण निघतं, इंजिन बंद.

त्याची गाडी कामठीचे एक मेकॅनिक चाचा तयार करायचे. गाठ मारायला त्यांनीच मला शिकवलं.

"बेटा, ब्रेक नहीं है, तो ये डोरीच ब्रेक है. हड्डी पे बांधना. कपड़े पे नहीं."

हाडावर बांधायची. कापडावर नाही. वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा.

तेव्हापासून प्रत्येक रेसला गाठ मीच मारायची. सक्करदऱ्याहून कळमेश्वरकडच्या त्या मैदानापर्यंत मी त्याच्या स्कूटीवर मागे बसून जायची, मांडीवर हेल्मेट. तोंडाने बडबड चालूच. जेवला काय, पाणी घेतलं काय. तो नुसता हसायचा, बदमाश.

दोन सीझन. एवढंच त्याचं करिअर.

पहिला सीझन पोट्टा नुसता पडत होता. प्रत्येक वेळी दोरी खेचली जायची, गाडी गपगार व्हायची, आणि हा कपडे झटकत उठायचा. मला त्याची इतकी सवय झाली की तो पडला तरी मी जागची हलेनाशी झाले.

ती सवय वाईट होती. आता कळतं.

दुसऱ्या सीझनला तो जिंकायला लागला. आडवी गाडी, मागचं चाक मातीत घसरतंय, आणि हा आरामात वळतोय. जुने रायडर वळणावर येऊन उभे राहायचे, त्याला बघायला.

मग पुण्याच्या एका टीमचा फोन आला. आमचा माणूस येतोय, पोराला चालवताना बघायचंय.

माणूस येणार होता राखीच्या दुसऱ्या दिवशी.

आमच्या घरी राखी पोळ्यापर्यंत काढत नाहीत. पोळ्याला गावी काकांकडे जायचं आणि बैलाच्या शिंगाला बांधायची. लहानपणी तुषारने एकदा आधीच तोडून टाकली होती, तर मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. मोठ्या कौतुकाने सांगत फिरायचे मी हा किस्सा.

त्या वर्षी मी जरा जास्तच मोठी राखी आणली. जाडजूड, लाल, वर टिकल्या.

दुसऱ्या दिवशी मैदानावर त्याचा ग्लोव्ह त्या राखीवरून चढेना.

"ताई, काढू काय थोड्या वेळ?"

विचारलं होतं त्याने. मला विचारलं होतं.

"पोळ्याच्या आधी? काढून तर पाह्य!"

हसत म्हटलं मी. तोही हसला. बाजूच्या रायडरचा मोठा ग्लोव्ह मागून घातला. राखी आत गेली, पण आता मनगटावर दोरीला जागा नव्हती.

"वरूनच बांध नं वं, नंबर आला माह्या."

चाचा पुण्याच्या माणसाशी बोलत होते. मला त्यांचं वाक्य आठवलं, खोटं कशाला बोलू. पाच मिनिटांचं तर काम आहे, असं मनात म्हटलं आणि ग्लोव्हवर गाठ मारली. चांगली घट्ट मारली.

तिसऱ्या फेरीला तो सगळ्यांच्या पुढे होता. वळणावर पडला.

मी घाबरलेच नाही. इंजिन बंद व्हायची वाट बघत उभी राहिले.

ते बंद झालं नाही.

ढिला ग्लोव्ह हातातून निघाला होता. ग्लोव्हच दोरीला लटकत होता, गाडीसोबत; बटण निघालंच नव्हतं. ॲक्सिलरेटरची मूठ मातीने जाम झाली होती. गाडी कठड्याला आदळली आणि उलटी फिरली, तुषार उठत होता तिकडेच.

पुढचं मला लिहिता येत नाही.

लोक म्हणाले, वेळ आली होती. लोक म्हणाले, गाडीने दगा दिला. मी मान हलवत राहिले.

आई मात्र तीन वर्षं एकच विचारते. "ते गाडी थांबली काहून नाही वं?"

"माहीत नाही आई."

तीन वर्षं हेच उत्तर. शरम वाटते मला.

आज राखी. सकाळी तिने परत विचारलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ही माझं तोंड बघणार नाही.

आई उठून आत गेली. मग आतून एक पुडी घेऊन आली. दवाखान्यातून त्याच्या सामानासोबत मिळाली होती, तिने जपून ठेवलेली. मला ठाऊकच नव्हतं.

आतली राखी जशीच्या तशी आहे. एक टिकली निघालेली नाही.

आई म्हणाली, "उद्या ते बाकीचे पोट्टे राख्या घालूनच जातीन नं ग्राउंडवर? लिही. सांग त्यायले."

म्हणून ही पोस्ट लिहून राहिली आहे.

उद्या प्रॅक्टिसला जाणाऱ्यांनो, दोरी हाडावर बांधा. राखी काढून घरी ठेवा. आणि बहिणींनो, त्याने विचारायच्या आधी तुम्हीच सोडा ती गाठ. घरी आल्यावर पोळ्यापर्यंत परत बांधता येते.

खाली श्रद्धांजली वगैरे तुम्ही लिहालच. मला त्याला एवढंच सांगायचं आहे.

तुषार, काढ गा बाबू राखी. ताई काही बोलणार नाही.