दादाची न कापलेली गाडी

शुक्रवारी सकाळी मी बटाट्याची भाजी फोडणीला टाकली होती आणि बाबूचा फोन आला. बाबू म्हणजे इथे कुवेतमध्ये राई भागातल्या गॅरेजचा मालक, केरळचा, माझ्या भावाचा इथला जिवाभावाचा मित्र. "मॅडम, आप जल्दी आ जाओ. सर कुर्सी पे बैठे थे, चाय हाथ में थी..." एवढं बोलला आणि रडायलाच लागला. सालमियाहून राईपर्यंत टॅक्सीत मी स्वतःला बजावत होते, बाबू घाबरट आहे, दादाला उन्हाची चक्कर आली असेल. पोचले तेव्हा अँब्युलन्स निघून गेली होती. दादाची गाडी स्वच्छ पुसलेली उभी होती आणि शेजारी ती खुर्ची. आता याला काही महिने होत आले. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं म्हणतात, पण मला दुःखाच्या आधी अजून रागच येतो. तो गिळून लिहिणं मला जमायचं नाही.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. नाशिकचा, मेकॅनिकल इंजिनिअर, तरुणपणीच इथल्या तेलाच्या नोकरीत आला आणि इथलाच झाला. मला इथल्या शाळेत नोकरी लागली तीही त्याच्यामुळे. महबूलाच्या फ्लॅटमध्ये तो आणि वहिनी, मुलगा अन्वय पुण्यात शिकायला. स्वभावाने हट्टी, पण आवाज न चढवता हट्टी. म्हणजे आपण तासभर भांडून दमायचं आणि याने शेवटी म्हणायचं, "बरं, चहा टाक." आणि करायचं ते स्वतःच्याच मनासारखं.

गाडी त्याला एका कुवेती सहकाऱ्याकडून मिळाली. सहकाऱ्याच्या वडिलांची, सत्तर सालच्या सुमाराची अमेरिकन गाडी, दोन दारांची, लांबलचक नाकाची, निळी. कित्येक वर्षं शेडमध्ये धूळ खात पडली होती. इंजिन चालू झालं तेव्हा आम्हाला वाटलं, संपलं एकदाचं. कुठलं काय. आता दादाला ती खाली बसवायची होती. मांजर उडी मारायच्या आधी दबून बसतं ना, गाडी तशी दिसली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. वहिनी म्हणाली, "आधीच रस्त्याला चिकटलेली आहे, अजून खाली नेऊन काय तिला पुरायची आहे?"

खाली बसवायची, पण बॉडी कापायची नाही, हा त्याचा नियम. मागचे कमानपाटे आणि अॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे बसवले की गाडी मागून खाली येते, पुढच्या स्प्रिंग बदलून आखूड घातल्या की पुढून, एवढं मलासुद्धा ऐकून ऐकून पाठ झालं होतं. पण घोडं अडलं ते पुढच्या चाकांशी. स्टेअरिंग पूर्ण फिरवलं की टायर मडगार्डच्या आतल्या काठाला घासायचा. राईतल्या सगळ्यांनी एकच सांगितलं, काठ थोडा कापून टाका, दुपारपर्यंत मोकळे व्हाल. बाबूसुद्धा म्हणाला. दादा मान हलवायचा. "कापलेलं परत जोडता येतं रे, पण मग ते जोडलेलं असतं. उद्या कोणाला वाटलं, गाडी होती तशी हवी, तर माझं सगळं काढून ठेवता आलं पाहिजे."

मग वर्षभर दर शुक्रवारी तेच. आज ठोकळे काढून जरा पातळ घाल, पुढच्या आठवड्यात वेगळ्या रिम मागव, चाक थोडं आत बसतं का बघ, टायर अरुंद करून बघ. एवढासा बदल आणि पुन्हा पार्किंगमध्ये गोल गोल चकरा, बाबू बाहेर वाकून काठाकडे कान लावलेला. मी एकदा डबा घेऊन गेले तर दोघं जमिनीवर पालथे पडून चाकाकडे बघत होते, जसं काही तिथे बाळ झोपलंय. मला हसू आलं होतं. त्या दिवशी दादा खरोखर आनंदात होता, हेही लिहिलं पाहिजे.

आणि त्याच वर्षात त्याच्या छातीचं निघालं. जिना चढताना धाप, डावा हात जड. इथल्या डॉक्टरांनी तपासण्या करून स्पष्ट सांगितलं, बायपास करावी लागेल, लांबवू नका. दादा म्हणाला, "जुलैत सुट्टीवर जातोच आहे, नाशिकला करू." आता हे बाहेरच्यांना कळायचं नाही, पण आखातात राहिलेल्या प्रत्येकाला कळेल. आम्ही इथे नुसते राहतो. दुखणी सगळी सुट्टीसाठी साठवतो. दाढ काढायची, सुट्टीत. चष्म्याचा नंबर, सुट्टीत. गुडघा, पित्ताशय, मोतीबिंदू, सगळं सुट्टीत. तिथे आपले डॉक्टर, आपली भाषा, दवाखान्यात घरचा डबा येतो. इथे सोय नसते असं नाही, चांगली असते. पण आजारी पडायचं ते आपल्या गावात, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कोणाला त्यात चूक आहे असं वाटतच नाही.

जुलै आला आणि प्लांट दुरुस्तीला बंद ठेवायचं शटडाऊन पुढे ढकललं गेलं, त्याबरोबर दादाची सुट्टीही. "मग दिवाळीत," तो म्हणाला. वहिनी त्याच्याशी भांडली, रडली, अबोला धरला. मी फोनवर तोंड सोडलं. अन्वय म्हणाला, "बाबा, प्लीज, डू इट देअर." सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर दादा काय म्हणाला असेल? बरं, चहा टाक.

सप्टेंबरमध्ये घोडं गंगेत न्हालं. स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं, आणि कुठेही काही घासलं नाही. बाबू सांगतो, सरांनी गाडी स्वतः पुसली, खुर्ची ओढली, चहा मागवला आणि म्हणाले, "देखा? बिना काटे हो गया." त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

दादाला नाशिकला नेलं. तेराव्यानंतर वहिनी आवराआवरीला परत आली. तिचा अकामा, इथला राहण्याचा परवाना, दादाच्या नावावर, म्हणजे तिलाही इथून निघणं भाग होतं. फर्निचर गेलं, भांडी गेली, उरली गाडी. एक कुवेती तरुण बघायला आला. बोलायला गोड, गाडीतलं समजणारा. रुंद टायर घालणार होता आणि त्यासाठी पुढचे मडगार्ड कापणार होता, हे त्याने प्रामाणिकपणे सांगून टाकलं. वहिनीने होकार दिला. मला बाबूकडून कळलं तशी मी तडक महबूला गाठलं.

"वहिनी, तो कापणार आहे."

"माहीत आहे. सांगितलं त्याने."

"दुसरं गिऱ्हाईक बघू. मी थांबते, मी बघते सगळं. दादाने वर्ष घातलं त्यात, तुला माहीत नाही का?"

वहिनी चादरीची घडी घालत होती. ती घालून झाल्यावर म्हणाली, "मला नाही तर कोणाला माहीत असणार, मंजू? एवढंसं कापा, सोपं होईल, असं गाडीबद्दल दहा जणांनी सांगितलं, ऐकलं नाही. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, तेही ऐकलं नाही. ती धडधाकट राहिली आणि हा गेला. मला ती तशी बघवत नाही. कापू दे."

मला ते पटलं नाही. दादाच्या हातचं एवढंच तर राहिलं होतं इथे. मी चिडून निघून आले, आणि तिला विमानतळावर सोडेपर्यंत आम्ही दोघी कामापुरतंच बोललो. आत जाताना तिने माझा हात धरला, तेवढंच.

मागच्या आठवड्यात तिचा नाशिकहून फोन आला. अन्वयची चौकशी झाली, थंडीचं झालं. मग म्हणाली, "कापली का ग?"

"हो. परवाच."

तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली. "ते कापलेलं... फेकून नसतील दिलं ना?"

मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर राईला गेले. काम बाबूच्या शेजारच्याच गॅरेजात झालं होतं. बाबूने भंगाराचं पिंप उपसलं आणि तळातून पत्र्याची कमानीसारखी वाकलेली पट्टी काढली. कडा धारदार होत्या, निळा रंग तोच. मी ती उलटी करून आतली बाजू बघितली. आधीचे ओरखडे दादाने रंगवून टाकले होते, त्यावर टायरची एक रेघही नव्हती. बाबूने बोट फिरवून बघितलं, मीही बघितलं. मग त्याने ती गोणपाटात गुंडाळून दिली.

घरी येऊन मी वहिनीला फोन केला. म्हटलं, मिळालंय, नीट बांधून ठेवते, जुलैत सुट्टीवर येईन तेव्हा घेऊन येते.

"सुट्टीची वाट बघू नकोस, मंजू," ती म्हणाली. "या आठवड्यात कोणी येत असेल तर त्याच्याबरोबर पाठव."