पंचफुलाबाईंची हरकत

पंचफुलाबाई धकाते यांचा सगळा संसार भिडेत गेला. शेजारीण लेकरू सोडून लग्नाला गेली, यांनी सांभाळलं. नागपूरच्या नंदनवन भागातल्या ज्या शाळेत त्या पोरांची खिचडी शिजवतात, तिथल्या बाईंनी रविवारी भांडी घासायला बोलावलं, या गेल्या. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. ती यांच्याकडे कायमची मुक्कामाला होती. अशी बाई आंतरराष्ट्रीय परिषदेच्या नियोजन समितीत बसणार, हे ऐकून कोणालाही हसूच आलं असतं.

पण बसली खरी. एचआयव्हीवरची ही परिषद नागपुरात भरणार होती, आणि हा आजार घेऊन जगणारी चार माणसं नियोजनात असलीच पाहिजेत असा नियम होता. पंचफुलाबाई पंधरा वर्षं रोजची गोळी न चुकता घेत होत्या. हे लेक प्रणालीला ठाऊक होतं आणि रुग्णांच्या संघटनेला. शाळेत कोणाला नाही. या शाळेआधी उमरेडला त्या एका वसतिगृहात स्वयंपाक करत, तिथं कोणाच्या तरी तोंडून बात फुटली. अन्नातून हा आजार पसरत नाही, हे डॉक्टर स्वतः जाऊन सांगून आले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी चुलीपाशी दुसरी बाई उभी होती. दुधानं तोंड पोळलेल्या माणसानं ताकही फुंकून प्यावं, तशा त्या तेव्हापासून जपून होत्या.

पहिली बैठक ऑनलाइन झाली. अध्यक्ष डॉ. संजीव यांनी गळ्यातल्या ओळखपत्रांच्या पट्ट्यांचे रंग वाचून दाखवले. डॉक्टरांना निळी, पत्रकारांना पिवळी, आणि आजार असलेल्या प्रतिनिधींना लाल, त्यांना मानानं पुढं बसवता यावं म्हणून. मग एकेकाचं नाव घेऊन विचारलं, काही हरकत?

"लय चांगलं आहे, साहेब," पंचफुलाबाई म्हणाल्या.

आठवड्यानं शाळेच्या मुख्याध्यापिका सरिताबाई स्वयंपाकघरात डोकावल्या आणि सहज बोलल्या, की त्या परिषदेत आपणही स्वयंसेवक आहोत, दारावर ओळखपत्रं वाटणार आहोत.  म्हणजे लाल पट्टी पंचफुलाबाईंना सरिताबाईंच्याच हातून घ्यावी लागणार होती.

"मंग जाऊच नको ना, आई," प्रणाली म्हणाली.

ते काही जमणारं नव्हतं. आजारामुळं काम सुटलेल्या बायांवर एक सत्र ठेवा, ही समितीतली त्यांची एकुलती एक मागणी होती आणि ती मान्य झाली होती. जावं तर शाळेतलं काम जाणार, न जावं तर त्या बायांना तोंड कसं दाखवायचं?

दुसरी बैठक रविवारी दुपारी होती. संघटनेच्या कचेरीत तिथली कार्यकर्ती मिनल त्यांच्या शेजारी बसून परदेशी लोकांसाठी इंग्रजी करून सांगत होती. पंचफुलाबाईंनी घोटभर पाणी पिऊन बोलायला सुरुवात केली.

"साहेब, मांगच्या वेळी मी हो म्हटलं, ते चुकलं माह्यं. आमी विणकर मानसं. लुगडं दुरून येताना आमाले आंधी किनार दिसते, तोंड मांगून दिसते. तुमी लाल पट्टी देऊन राहिले, मंजे साऱ्या गावाले सांगूनच राहिले, का ह्या बाईले आजार आहे."

"मग तेव्हा काहून नाही बोलल्या, ताई?" डॉ. संजीव यांनी विचारलं.

"तुमी इतक्या आदरानं विचारून राहिले होते, मले नाही म्हनवलं नाही."

 मग पडद्यावरच्या नैरोबीच्या बाई, त्याही आजार असलेल्या प्रतिनिधी, काही तरी म्हणाल्या. मिनल हसली. "त्या म्हनून राहिल्या, मीही हो म्हटलं होतं, आणि तेव्हापासून धड जेवली नाही."

डॉ. संजीव यांनी चष्मा काढून ठेवला. कल्पना त्यांचीच होती, आणि आपण मान देतो आहोत असं त्यांना मनापासून वाटलं होतं. त्यांनी तसं कबूलही केलं. अर्ध्या तासात ठरलं, की पट्टी सगळ्यांना एकच, पांढरी. पंचफुलाबाईंचा जीव भांड्यात पडला. बसमध्ये त्यांना चक्क डुलकी लागली.

परिषदेच्या शनिवारी सरिताबाईंनी त्यांच्या गळ्यात पांढरी पट्टी घातली. "तुम्ही इथं कशा?"

"संघटनेच्या कामानं आली, बाई."

तेवढ्यावर भागलं. रविवारी काम सुटलेल्या बायांचं ते सत्र झालं तेव्हा सरिताबाई दाराशी उभ्या राहून त्या बायांचं ऐकत होत्या. बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "आपल्या शाळेत अशी बाई असती तर मी नसती काढली." असं म्हणणं सोपं असतं, हे पंचफुलाबाईंना उमरेडनं चांगलं शिकवलं होतं. त्या नुसत्या हसल्या.

रात्रभर मात्र तेच वाक्य डोक्यात राहिलं. सोमवारी चूल पेटवण्याआधी त्या सरिताबाईंच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "बाई, ते तुमी म्हटलं ना, अशी बाई. मीच आहो ते."

सरिताबाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. 

"शुक्रवारची खिचडी पातळ झाली होती, पंचफुलाबाई," त्या म्हणाल्या. "आज डाळ जरा जास्त टाका."

पंचफुलाबाईंनी दोन वाट्या डाळ वाढवली, पातेलं चढवलं, आणि तांदळाच्या पोत्यावर बसून पोटभर रडल्या.