बॅनक आमच्या टेबलावर

१७ नोव्हेंबर २००६, शुक्रवार. संध्याकाळी अमेरिकेतल्या कॅरी गावात, आमच्या स्वयंपाकघरात मैदा चाळत होते. दुसऱ्या दिवशी मुलीच्या शाळेत ‘इंटरनॅशनल फूड डे’. मैदा शेजारणीच्या बॅनकसाठी. ती नर्स, नॉर्थ डकोटातल्या मूळ अमेरिकी जमातीतली. बॅनक म्हणजे मैदा, बेकिंग पावडर, मीठ, चरबी आणि पाणी. कालवून बिडाच्या तव्यात भाजायचा. तिने शाळेत टेबल मागितलं होतं. समितीने कळवलं, तुम्ही इथल्याच, तुम्हाला नाही देता येणार.

मी म्हटलं, आमच्या मराठी मंडळाच्या टेबलावर ठेव. त्या टेबलासाठी पोळ्या मीच करणार होते.

मदत म्हणून पहिला गोळा मी पोळीच्या कणकेसारखा तिंबला, वर तेलाचा हात लावून झाकूनही ठेवला. भाजल्यावर वीट झाली.

“पिठाशी भांडलीस का?” ती म्हणाली. “नुसतं गोळा कर आणि सोड.”

दुसरा छान फुलला. तेवढ्यात मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन. तरुण मुलगी, पुण्याची.

“काकू, बॅनक कॅन्सल करा ना. आपलं टेबल आहे. आणि तो त्यांचा तरी कुठे? मी वाचलं, मैदा गोऱ्यांनी दिलेला.”

“नंतर बोलते,” म्हणून फोन ठेवला आणि शेजारणीला सगळं सांगितलं.

“दिलाच,” ती म्हणाली. “आधी आम्ही रानकंदाच्या पिठाच्या भाकऱ्या करायचो. मग जमीन घेतली, शिकार संपवली आणि रेशनचा मैदा दिला. बॅनक हे नावसुद्धा स्कॉटिश व्यापाऱ्यांचं. पण माझ्या आजीने पोरं त्यावर जगवली. आता म्हणे तो आमचा नाही!”

मला मिलो आठवला. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळणारी अमेरिकेची लाल ज्वारी. भाकरी थापताना चिरायची. आई उकळत्या पाण्यात पीठ मळायची आणि थापायचीच. ती भाकरी आमचीच होती. तिला अमेरिकन म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मी सेक्रेटरीला फोन लावला. “बॅनक येणार. नको असेल तर माझ्या पोळ्याही येणार नाहीत.”

“अहो काकू! एवढ्या पोळ्या आता कोण करणार?”

“तेच विचारतेय.”

शेवटी ती म्हणाली, “बरं, आणा.”

सकाळी उठून आधी शेजारणीबरोबर बॅनक भाजले, मग पोळ्या लाटल्या. शाळेत पोहोचल्यावर टेबलावर चादर अंथरली, बॅनक पुढे मांडले आणि पोळ्यांचा डबा मागे सरकवला.