काठोकाठ कप

आमच्या वार्डातल्या सिस्टरचं नाव मी कधी इचारलंच न्हाय. ती चपला फटाफटा वाजवत यायची आन् सगळ्या पेशंटास्नी 'पैलवान' म्हणायची. आमचं मालक माणसं इसरायला लागलं हुतं, चहा सांडायचं, म्हणून सगळी त्यास्नी निम्माच कप द्यायची. ही मातूर काठोकाठ भरून द्यायची. "सांडू दे की आजी! कसं सांडतंय ते मला बघायचंय."

मोठ्या डाक्टरनं येड्यांच्या दवाखान्यात न्या म्हणून लिवलं. मी गठुडं बी बांधलं. तवा ही दारात आडवी झाली आन् मोबाईलवर काढलेला व्हिडिओ डाक्टरास्नी दावला. "साहेब, कप सांडताना तोंड आन् हात एकदमच वडतंय. दिसातनं कैक डाव. ह्ये येड न्हाय."

"डाक्टर तू का मी?"

"तुम्हीच. पर दिसभर हितं मी असती. तपासल्याबिगर पेशंट हलणार न्हाय."

मग रगात तपासलं, पाठीतलं पाणी काढून तपासलं. रोगाशी लढणारी अंगातली ताकदच मेंदूवर उलटलीया, डाक्टर म्हणालं. सलाईनमधनं औषध सुरू झालं.

पंधरा दिसांनी तिनं परत काठोकाठ कप दिला. "हं, पैलवान!"

मालकानं थेंब न सांडता चहा पिला. रिकामा कप तिच्यापुढं धरला. "आनखी वत."