पद्माबाईचा स्पॅनिश लाभ

वारंगा फाट्याजवळच्या हळदीच्या गोदामात पद्माबाई चाळणीवर होती. हळदीची धूळ दिसायला सोन्यासारखी, छातीत गेली की विस्तव. खोकून खोकून तिच्या फासळ्या दुखायच्या. धुळीपासून लांब राहा, असं डॉक्टरनं बजावलं होतं. लांब राहून खायचं काय, ते काही त्यानं सांगितलं नव्हतं. गोदामात लांबची जागा एकच होती, दारावरची. तिथं खुर्ची टाकून पोती मोजायची. खुर्ची मात्र बाईमाणसाला कुणी दिली नव्हती.

स्पेनचा व्यापारी माल न्यायला येणार, असं ठरलं. मोजणी त्याच्या भाषेत, मोठ्यानं झाली पाहिजे, ही त्याची अट. मालक किशनराव म्हणाले, "ज्याला जमंल त्यानं दारावर बसावं. कायमचं."

पुतण्या योगेश हसला. "काका, मला दहापर्यंत येतं. पुढचं बघू."

पद्माबाई हसली नाही. मोबाईलवर स्पॅनिश आकडे लावून, तो पदराखाली ठेवून ती चाळणीच्या तालावर घोकू लागली. उनो, दोस, त्रेस, क्वात्रो. अकरापासून पंधरापर्यंत जीभ अडखळायची. ओन्से, दोसे, त्रेसे सगळे एकाच घरातले भाऊ वाटायचे. सोळापासून मात्र सोपं. दहा आणि सहा, दहा आणि सात, असं सरळ बोलायचं.

"आपल्यासारखं एकोणीस-एकोणतीस न्हाई त्यांच्यात," ती शेजारच्या ज्योतीला म्हणाली. "पुढचा आकडा दिसला की एक कमी करून सांगायचा, असली कंजुषी न्हाई."

"आत्या, तिकडं जाऊन ऱ्हातीस का काय?" ज्योती म्हणाली. गोदामात सगळेच पद्माबाईला आत्या म्हणत.

व्यापारी आला. नाव मार्तीन, उन्हानं लालबुंद. हातातल्या पाटीवर प्रत्येक पोत्याला एक रेघ ओढायची, ही त्याची पद्धत. दुभाषा नांदेडहून निघालेला, वाटेत अडकलेला. हमालानं पहिलं पोतं उचललं आणि पद्माबाईनं खणखणीत आवाजात सांगितलं, "लाभ."

मग दोस, त्रेस. कुठं चुकली नाही. "वेइन्ते", म्हणजे वीस, म्हणून थांबली, तेव्हा मार्तीननं नकारार्थी मान हलवली. पाटीवर एकोणीस रेघा होत्या.

"झालं का," योगेश म्हणाला. "आत्या, चाळणी वाट बघून राहिली."

ती चिडली, पण तिची तिलाच चूक उमगली. बाप खळ्यावर ज्वारी मोजायचा, तेव्हा पहिल्या मापाला एक म्हणत नसे, लाभ म्हणे. घरातून देव गेले, देव्हारा गेला. लाभ तेवढा जिभेवर राहिला. मार्तीनला वाटलं, बाई कामाआधी काही पुटपुटली. त्यानं रेघच ओढली नाही.

गाडीत चढवलेली पोती पुन्हा खाली उतरवली. आता योगेश मोजायला उभा राहिला. पहिलं पोतं उचललं. "उनो."

"थांब," किशनराव ओरडले. "माझ्या गाडीचं पहिलं पोतं नुसतं एक? लाभ म्हण."

"काका, त्याला कळत न्हाई ना."

"मंग कळंल असं सांग."

पद्माबाई पुढं झाली. पोत्यावर हात ठेवला, "लाभ" म्हणाली, मार्तीनसमोर एक बोट धरलं, "उनो" म्हणाली. दुसऱ्या पोत्यावर हात, "दोस", दोन बोटं. मार्तीननं पोत्याकडं पाहिलं, तिच्या बोटाकडं पाहिलं. "लाब," तो म्हणाला, आणि रेघ ओढली.

पुढची सगळी मोजणी तिनंच केली. बराबर जुळली. गाडी गेली.

खुर्चीबद्दल किशनराव काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पद्माबाई चाळणीकडं वळलीच नाही. योगेशची पिशवी खुर्चीवर होती. ती तिनं उचलून खिळ्याला अडकवली आणि बसली.

"काहून बसलीस?" योगेशनं विचारलं.

"मालकाला विचार," ती म्हणाली.

त्यानं विचारलं नाही.