आमची टर्फकटर्स कुणी बंद पाडली?

रविवारी सकाळी पोहे खाता खाता मी जाहीर केलं, "आज जायचंच!" आदल्या दिवशी एका जुन्या टीममेटचा मेसेज आला होता. गावच्या हॉलमध्ये सगळ्या जुन्या टीम्सचे फोटो लावलेत आणि आमच्या फोटोखाली लिहिलंय, 'कुणाला रस नसल्याने बंद.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रस नव्हता? कुणाला?

टर्फकटर्स ही आमची बेसबॉल टीम. हो, आयर्लंडमध्ये, दोन पब आणि एक चर्च असलेल्या गावात, बेसबॉल! २००९ मध्ये मी तिथल्या मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात इंजिनिअर होते. अमेरिकेत वीस वर्षं बांधकामावर काढून परतलेल्या डर्मटने ही टीम उभी केली. लहान गावांची लीग होती. पुरुष पुरेनात म्हणून आम्हा बायकांनाही घेतलं.

जाणाऱ्यांसाठी सांगते: डब्लिनबाहेरच्या आमच्या ॲडम्सटाउनहून एम-फोर हायवे पकडा, टोलला सुट्टे युरो ठेवा. मलिंगारनंतर रस्ता अरुंद होतो आणि पुढे ट्रॅक्टर आला की आनंदच. पेट्रोल पंपावर निखिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, चिकन रोल खाल्ला. मी नुसती धुमसत होते.

"अगं, तीन वर्षं झाली त्याला. सोड ना," तो म्हणाला.

सोड म्हणे! पुण्यात कॉलेजला क्रिकेट खेळलेली मी. इथे पहिल्याच मॅचला बॉल फटकावला आणि बॅट घेऊनच धावले. बेस जवळ आल्यावर सवयीने बॅट लांबवून टेकवली, पाय मागेच. आउट! मी आपली अंपायरशी भांडतेय, "टेकवली की!" सगळे हसून लोळले. बॅट टाकून पळायचं, हे माझ्या हाताला शिकवायला डर्मटने महिनाभर पावसात घाम गाळला. आणि म्हणे रस नव्हता.

मैदानावर आता डांबर आहे. फुटबॉलवाल्यांचं पार्किंग. स्पोर्ट्स कमिटीने परस्पर देऊन टाकलं. मी गाडीतून उतरून अस्सल मराठीत शिव्या घातल्या, तेव्हा कुठे बरं वाटलं.

हॉलमध्ये डर्मट खुर्च्या लावत होता. केस पार पांढरे झालेत. मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. चहा घेतेस?"

"चहा गेला खड्ड्यात! कमिटीचं नाव लिही ना! मैदान बळकावलं म्हणून टीम बुडाली."

"मैदान पुढच्या वर्षी गेलं गं," तो शांतपणे म्हणाला. "टीम त्याआधीच संपली. ऑगस्टमध्ये, सेमीफायनलच्या दिवशी. आम्ही आठच होतो. नऊ लागतात, आठ जणांना खेळू देत नाहीत."

ऑगस्ट २०१०. मला डब्लिनजवळ स्वोर्ड्सला चांगली नोकरी लागली होती. शनिवारची मॅच, आणि मी गुरुवारी 'येत नाही' असा मेसेज टाकून मोकळी झाले होते. मिळेल कुणीतरी, असं धरून चालले. नंतर विचारलंही नाही.

"युनिफॉर्म घालून तासभर उभे होतो," डर्मट म्हणाला. "मग मॅच समोरच्यांना देऊन टाकली. त्यानंतर पोरं सरावाला आलीच नाहीत. आता सांग, काय लिहायचं होतं? तुझं नाव?"

त्याच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. तो कप घ्यायला आत गेला. मी चहा प्यायले, सॉरी म्हटलं. "ग्रँड, ग्रँड," म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे', असं तो म्हणाला आणि उरलेल्या खुर्च्या लावायला लागला.

घरी आले तरी संताप होताच, फक्त कमिटीवरचा उरला नव्हता. लाज वाटते, दुसरं काय.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर हॉल रविवारी दुपारपर्यंत उघडा असतो. चहा मिळतो. आमच्या फोटोत डावीकडून तिसरी मी. खालची ओळ माझ्याबद्दल आहे असं समजून वाचा.